हाताचा हट्ट : डॅनियल डेव्हिड पामर

अमेरिकेतल्या एखाद्या कायरोप्रॅक्टरच्या खोलीत आज टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये स्टेनलेस स्टीलची चार-सहा अवजारे मांडलेली दिसतात. कुठले विळ्यासारखे वाकलेले, कुठले जिभलीसारखे चपटे, कुठले दोन्ही हातांनी धरावे इतके लांब. रुग्णाच्या पोटरीवर किंवा खांद्यावर मलम लावतात आणि अवजाराची गोलसर कड दाबून ओढत नेतात. खालचा स्नायू, त्याला हाडाशी जोडणारा कंडरा किंवा त्यांना गुंडाळणारे पातळ आवरण जिथे ताठरले असेल तिथे धातूतून बारीक खरखर जाणवते, असे हे उपचार करणारे सांगतात. उपचार झाल्यावर कातडी लाल होते, कधी रक्ताचे ठिपके उठतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या फिजिओथेरपिस्टांकडे, विशेषतः खेळाडूंवर उपचार करणाऱ्यांकडे, ही अवजारे आता दिसू लागली आहेत.

गंमत अशी, की कायरोप्रॅक्टिक या शब्दाचा अर्थच मुळी ‘हाताने केलेले’ असा आहे. आणि ज्या माणसाने हे नाव आपल्या उपचाराला लावले, त्याला हाताखेरीज दुसरे साधन मंजूर नव्हते. स्नायूंमध्येही त्याला फारसा रस नव्हता. त्याचे सारे लक्ष मणक्यांवर होते. डॅनियल डेव्हिड पामर हे त्याचे नाव. मराठीत पामर म्हणजे दीनवाणा जीव. या पामरांमध्ये दैन्याचा लवलेशही नव्हता.

पामर यांचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडात, टोरांटोच्या पूर्वेला असलेल्या पिकरिंग गावाच्या परिसरात झाला. वडिलांचा धंदा बसला आणि कुटुंब नशीब काढायला अमेरिकेत गेले, तेव्हा डॅनियल आणि त्यांचा भाऊ थॉमस कॅनडातच राहिले. आगपेट्यांच्या कारखान्यात दोघांनी काम केले. १८६५च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतले यादवी युद्ध संपत आले असताना, दोघा भावांनीही सरहद्द ओलांडली. खिशात जवळजवळ काही नव्हते आणि बरीच वाट पायी कापावी लागली.

पुढची वीस वर्षे या माणसाने काय केले नाही ते विचारावे. आयोवा आणि इलिनॉय राज्यांतल्या खेड्यांत शाळामास्तरकी केली. मिसिसिपी नदीकाठी जमीन घेऊन मधमाश्या पाळल्या, फळझाडांची रोपे विकली. रासबेरीची एक जात तयार करून लोकांना टपालाने रोपे पाठवली. पुढे आयोवातल्या एका छोट्या गावात किराणा दुकान थाटले आणि तिथे शोभेचे सोनेरी मासेही विकले. या काळात लग्ने झाली, मोडली. एक पत्नी वारली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलगा झाला, बार्टलेट जोशुआ. सगळे त्याला बी. जे. म्हणत. बापलेकांची ही जोडी पुढे एकमेकांच्या जिवावर उठणार होती.

वैद्यकशास्त्राचे औपचारिक शिक्षण पामर यांनी कधीच घेतले नाही. १८८६च्या सुमारास ते ‘चुंबकीय उपचारक’ झाले. हे त्या काळचे एक लोकप्रिय खूळ होते. उपचारकाच्या अंगात जीवनशक्ती असते आणि ती हाताच्या स्पर्शाने रोग्यात उतरवता येते, अशी त्यामागची कल्पना. आयोवात पॉल कास्टर नावाचा असा एक नामांकित उपचारक होऊन गेला होता. पामर यांनी त्याच्या पद्धतीवरून धडा घेतला आणि डॅव्हनपोर्ट शहरात रायन ब्लॉक नावाच्या इमारतीत दुकान मांडले. ते सगळे अंग चोळत बसत नसत. दुखणाऱ्या अवयवावर नेमके हात ठेवत.

धंदा चांगला चालला, खोल्या वाढत गेल्या. आज याचे नवल वाटते, पण त्या काळच्या डॉक्टरकीकडे पाहिले तर वाटू नये. पाऱ्याची जुलाबे, अफूची मात्रा आणि वांतीची औषधे हा अनेक डॉक्टरांचा रोजचा उपचार होता. विषाच्या मात्रेपेक्षा कोमट हाताचा स्पर्श रोग्याला परवडत असे. त्यात बहुतेक कंबरदुखी आणि मानदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या आठवड्यांत ज्याच्याकडे जावे, त्याला यश मिळते. पामर यांच्या पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण त्यांनी स्वतः ती कधी ध्यानात घेतली नाही.

आता १८ सप्टेंबर १८९५. कायरोप्रॅक्टिकची मंडळी हा आपल्या विद्येचा जन्मदिवस मानतात. रायन ब्लॉकमध्ये साफसफाईचे काम करणारे हार्वी लिलार्ड नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. सतरा वर्षे त्यांना नीट ऐकू येत नव्हते. वाकून अवघडलेल्या स्थितीत जोर लावताना पाठीत काहीतरी सटकले आणि तेव्हापासून कान गेले, असे त्यांनी सांगितले. पामर यांनी पाठ चाचपली, त्यांना एक मणका पुढे आलेला वाटला. त्यांनी हाताने एकदम झटका देऊन तो दाबला आणि लिलार्ड यांना रस्त्यावरच्या घोडागाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पामर यांनी सांगितलेली हकिगत ही अशी.

लिलार्ड यांच्या मुलीने नंतर सांगितलेली हकिगत वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे लिलार्ड बाहेर कुणाला तरी विनोद सांगत होते. तो ऐकून पामर खोलीतून हसत आले आणि हातातल्या पुस्तकाने त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. काही दिवसांनी ऐकणे थोडे सुधारल्याचे लिलार्ड यांनी सांगितले, तेव्हा त्यावर काही करून पाहावे असे पामर यांनी ठरवले. म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या पहिल्या उपचारातच एक साधन होते, निदान घरातल्या आठवणीनुसार तरी!

यातली कुठली हकिगत खरी, हे आता ठरवता येणार नाही. मात्र शरीररचनेत एक अडचण आहे. ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. ती मेंदूच्या देठाकडून कवटीच्या आतल्या आत कानापर्यंत पोहोचते. पाठीतला मणका दाबून ती मोकळी कशी व्हावी, याचे समाधानकारक उत्तर कुणाकडे नाही. पामर यांना ही शंका अडवू शकली नाही. थोड्याच दिवसांत हृदयाचा त्रास असलेला एक रोगी आला, त्याच्या पाठीत पामर यांना तसाच एक मणका सापडला, तो दाबल्यावर त्यालाही बरे वाटले. दोन रोगी, दोन मणके. एवढ्यावर त्यांनी नियम बांधला : मणका जागचा हलतो, त्याच्याजवळची नस दाबली जाते आणि त्यातून रोग होतो. शंभरातले पंच्याण्णव रोग अशा मणक्यांमुळे आणि उरलेले पाच इतर सांधे हलल्यामुळे, असा हिशेबही मांडला. तो कुठून आला, कशाने मोजला, हे विचारायची सोय नव्हती.

नाव मात्र त्यांचे स्वतःचे नव्हते. सॅम्युअल वीड हे ख्रिस्ती धर्मोपदेशक त्यांचे रोगी होते, त्यांना ग्रीक येत असे. हात आणि करणे या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी कायरोप्रॅक्टिक हा शब्द सुचवला. पामर यांना तो आवडला आणि त्यांनी तो अक्षरशः पाळायचे ठरवले. मणके बसवणारा पहिला माणूस आपण आहोत, असा त्यांचा दावा नव्हता. हाडवैद्य जगभर पूर्वीपासून होते आणि शेजारच्याच मिझुरी राज्यात अँड्र्यू स्टिल यांनी १८९२मध्ये ऑस्टिओपॅथीची शाळा काढली होती. पामर यांचा दावा नेमका होता. मणक्याला पाठीमागे आणि बाजूंना जी टोके असतात, त्यांचा तरफेसारखा वापर करून नेमका एकच मणका हलवणारा पहिला माणूस आपण, असे ते म्हणत. तरफेचे हे गणित हाताच्या टाचेने आणि एका झटक्याने सोडवायचे. दुसरे काही मध्ये आले, की विद्या बाटली.

सुरुवातीला ही पद्धत त्यांनी गुप्त ठेवली. मग १८९७च्या सुमारास डॅव्हनपोर्टमध्ये शाळा काढली. पहिल्या वर्षांत विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके होते. पण त्या मोजक्यांतच दोघे असे निघाले, की ज्यांच्यामुळे आजच्या त्या स्टीलच्या अवजारांपर्यंतची वाट उघडली.

पहिले सोलन लँगवर्दी. यांनी सीडर रॅपिड्स गावात स्वतःची शाळा काढली आणि हाताच्या जोडीला पाठीचा कणा ताणणारी टेबले, निसर्गोपचार असे बरेच काही आणले. पामर संतापले. शुद्ध हाताने करणारे आणि इतर गोष्टी मिसळणारे असे दोन तट पडले. त्यांतल्या दुसऱ्या तटाला ‘मिक्सर’ म्हणजे भेसळ करणारे असे हिणवले जाऊ लागले.

दुसरे ओकली स्मिथ. यांची गोष्ट जास्त महत्त्वाची. स्मिथ यांनी मणक्यांचे विच्छेदन करून पाहिले, तेव्हा गुरूंनी सांगितलेले जागचे हललेले हाड त्यांना सापडेना. हाड तर जागेवर आहे, मग ताठरले आहे काय? त्यांचे लक्ष हाडांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांकडे, संयोजी ऊतींकडे गेले. त्या आखडतात आणि त्रास देतात, असे त्यांनी मांडले. चेक भाषेतल्या ‘दुरुस्त करणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी आपल्या पद्धतीला नॅप्रपॅथी असे नाव दिले आणि शिकागोत वेगळी शाळा काढली. स्मिथ यांचाही सिद्धान्त पुढे सगळा टिकला नाही. तरी गुरूने सांगितलेले हाड खरोखर हललेले आहे का, हे पाहायला त्यांनी सुरी हातात घेतली, हे विसरता येत नाही. पामर यांच्याकडे हाडांचा मोठा संग्रह होता. वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले मणके त्यांनी हौसेने जमवले होते आणि त्यांचा अभ्यासही केला होता. पण कोरडे हाड हातात घेतले, की त्याभोवतीचे मांस, कंडरे, आवरणे गळून गेलेली असतात. जे संग्रहात नव्हते, ते त्यांच्या विचारातही आले नाही.

आर्थिक व्यवहारात पामर कच्चे होते. १९०२मध्ये ते एकाएकी पश्चिम किनाऱ्याकडे निघून गेले. कर्जात बुडालेली शाळा वीस-एकवीस वर्षांच्या बी. जे.च्या गळ्यात पडली, आणि पोराने ती चालवून दाखवली. वडील परतले तेव्हा घरचा धनी बदललेला होता. १९०६मध्ये परवान्याशिवाय रोग बरे करण्याचा जाहीर दावा केल्याबद्दल डॅव्हनपोर्टच्या न्यायालयाने पामर यांना दोषी ठरवले. दंड भरा किंवा १०५ दिवस तुरुंगात राहा, अशी शिक्षा झाली. तत्त्वासाठी त्यांनी तुरुंग पत्करला. काही आठवड्यांत तत्त्व बाजूला ठेवून दंड भरला आणि बाहेर आले.

बाहेर आल्यावर बाप आणि मुलगा यांचे पटेना. लवादापुढे हिशेब झाला. पामर यांनी शाळा मुलाला आणि सुनेला दिली. बदल्यात सुमारे २,२०० डॉलर, काही पुस्तके आणि त्यांच्या संग्रहातले हाडांचे काही नमुने मिळाले. साठी उलटलेला हा माणूस ते घेऊन ओक्लाहोमात गेला आणि तिथे पुन्हा किराणा दुकान घातले!

अर्थात दुकानात ते रमणारे नव्हते. ओक्लाहोमा सिटीत भागीदारीत शाळा काढली, ती भागीदारी लवकरच मोडली. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये आणखी एक शाळा काढली. तिथेच १९१०मध्ये त्यांचा सुमारे हजार पानांचा ग्रंथ निघाला. त्यात सिद्धान्तापेक्षा भांडणे जास्त आहेत : मुलाशी, लँगवर्दींशी, स्मिथ यांच्याशी, साधने वापरणाऱ्या प्रत्येकाशी. तरीही त्या धबडग्यात एक नवा विचार सापडतो. नस चेंगरते ही आपलीच जुनी कल्पना त्यांनी मागे टाकली आणि नस वाजवीपेक्षा ताणली वा सैल पडली की रोग होतो, अशी तारवाद्यासारखी कल्पना मांडली. म्हणजे हा माणूस मत बदलू शकत होता. मात्र मत बदलायला पुरावा लागतो असे त्यांना वाटत नव्हते; मनन पुरेसे होते.

याच काळात कायद्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी कायरोप्रॅक्टिकला धर्म म्हणून मांडावे, असा विचारही त्यांनी गांभीर्याने केला. जंतूंमुळे रोग होतात हे त्यांना मान्य नव्हते. लशींना तर त्यांचा कडवा विरोध होता. या विरोधाची सावली त्यांच्या अनुयायांवर बराच काळ राहिली.

१९१३च्या ऑगस्टमध्ये डॅव्हनपोर्टच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मिरवणुकीत वृद्ध पामर सगळ्यांच्या पुढे चालायला लागले, त्यावरून बी. जे. यांच्याशी वाद झाला. मुलाने मोटारीने बापाला धडक दिली, असा आरोप पामर यांच्या बाजूच्या लोकांनी पुढे केला. न्यायालयात काही सिद्ध झाले नाही. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पामर वारले. मृत्यूचे कारण विषमज्वर असे नोंदले गेले. म्हणजे टायफॉइड; दूषित अन्नपाण्यातून जाणाऱ्या जंतूचा आजार. त्याच्यावरची लस तेव्हा उपलब्ध होती आणि १९११पासून अमेरिकी लष्कराने ती सैनिकांना सक्तीची केली होती. पामर वारले त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला.

हाताचा हट्ट त्यांच्या घरातच मोडला, तोही अकरा वर्षांत. १९२४मध्ये बी. जे. यांनी पाठीवरून फिरवायचे, कातडीच्या उष्णतेतला फरक दाखवणारे एक यंत्र आणले. मणका कुठे बिघडला हे यापुढे हात सांगणार नाही, यंत्र सांगेल, असे त्यांचे म्हणणे. यंत्र विकत मिळत नसे, जबर रक्कम भरून भाड्याने घ्यावे लागे. त्यावरून शिष्यांमध्ये फूट पडली आणि शाळेतले जुने साथीदारही सोडून गेले.

स्नायू-कंडऱ्यांवर चालणारी स्टीलची अवजारे याहून बरीच नंतरची. डेव्हिड ग्रॅस्टन हे अमेरिकेतले एक यंत्रकारागीर. १९८७मध्ये पाण्यावरच्या स्कीइंगमध्ये त्यांचा गुडघा दुखावला. हाताने खोल घासण्याचा उपचार चालू होता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले जेम्स सिरिॲक्स यांनी प्रसिद्ध केलेली ती पद्धत. या घासण्याने बोटे लवकर दमतात. ग्रॅस्टन यांच्या हातात धातूकाम होते, त्यांनी बोटांऐवजी धातूच्या पट्ट्या घडवल्या. पुढे इंडियाना राज्यात मन्सी इथे त्यांच्यावर संशोधन झाले आणि कायरोप्रॅक्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्यात त्यांचा प्रसार झाला. तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासून देणाऱ्या आपल्याकडच्या आजीला यात फारसे नवे वाटणार नाही. चीनमध्येही गुळगुळीत कडेने पाठ खरवडण्याचा ‘ग्वा शा’ हा प्रकार जुना आहे.

अवजाराने नेमके काय होते? कंडऱ्याला मुद्दाम इजा केलेल्या उंदरांवर १९९०च्या दशकात प्रयोग झाले. दाबून घासल्यावर तंतू बनवणाऱ्या पेशींची संख्या तिथे वाढलेली दिसली. बरे व्हायचे अडून राहिलेल्या जागी थोडी नवी डिवचणी देऊन दुरुस्ती पुन्हा सुरू करायची, अशी कल्पना त्यातून पुढे आली. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या आहेत. सांध्याची हालचाल काही काळ वाढते, दुखणे थोडे उतरते, असे काहींत दिसते. साध्या हाताच्या मालिशपेक्षा किंवा व्यायामापेक्षा धातू सरस ठरतो, असे ठामपणे म्हणता येत नाही. आतल्या गाठी ‘फुटतात’ हेही वर्णनच अधिक आहे. ताण कमी वाटण्यात मज्जासंस्थेच्या प्रतिसादाचा वाटा मोठा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणूनच चांगला थेरपिस्ट घासण्यानंतर ताण आणि ताकदीचे व्यायाम करून घेतो. नुसते घासून पाठवत नाही.

पामर यांच्या झटक्याचेही मोजमाप आता झाले आहे. कंबरदुखीत त्याने मध्यम स्वरूपाचा आराम पडतो, साधारण व्यायामाइतकाच. कान, हृदय, दमा यांसाठी त्याला आधार मिळालेला नाही. मोबाइलवरच्या चित्रफितींत ऐकू येणारा तो कडकन आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब बदलून वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती विरळ आहेत, पण मान कुणाच्या हाती द्यायची हे ठरवताना माहीत असावीत.

स्टीलच्या अवजारांचा धोका त्यामानाने किरकोळ असतो. लाली आणि ठिपके काही दिवसांत जातात. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, त्या जागी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा कर्करोगाची गाठ असेल, हाड नुकतेच मोडले असेल, तर तिथे अवजार लावू देऊ नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांनी ते आधीच सांगावे, कारण दाब जास्त झाला हे त्यांना कळणार नाही आणि थेरपिस्टला तर मुळीच नाही.